परवाचा फोटो

हेमाआत्यानं गळ्यातली शिट्टी काढून खुंटीला अडकवली, हातपाय धुतले आणि ओल्या हातानंच आपला मोबाइल माझ्या टिपकागदांवर ठेवला. त्या कागदांत मी तेरड्याची रोपं दाबून वाळवत होते.

"आत्या, पाणी."

"पुसते. आधी हे बघ. ह्यातलं कुठलं चांगलं?"

पडद्यावर रंगीत चौकोनांची रांग होती. कुणावर बदाम, कुणावर ज्योत, एकावर दोन बदकं.

"कशासाठी?"

"माणूस भेटायला."

मला वाटलं, शाळेच्या स्पर्धांना पंच कमी पडत असतील. मी तसं विचारलंही.

"पंच नको गं. पंच मीच आहे. मला बोलायला माणूस हवाय. गडी माणूस. पन्नाशीच्या आसपासचा, डोकं ठिकाणावर असलेला."

आत्या तेव्हा एकोणपन्नास वर्षांची होती. साताऱ्यातल्या मुलींच्या शाळेत पीटी शिकवायची आणि खो-खोचा संघ तयार करायची. काका जाऊन नऊ वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. मी एमएस्सी करून नुकतीच तिच्याकडं राहायला आले होते. एका कॉलेजच्या वनस्पतीशास्त्र विभागात मला दोन वर्षांचं काम मिळालं होतं. कपाटांत कागदावर चिकटवून ठेवलेली सत्तर वर्षांची वाळकी झाडं होती, त्यांची एकेक चिठ्ठी वाचून संगणकात भरायची: झाडाचं नाव, ठिकाण, तारीख, गोळा करणारा कोण. आमचे सर म्हणायचे, तारीख आणि ठिकाण नसेल तर तो नमुना नव्हे, पाला. त्या वर्षी हे वाक्य माझ्या इतकं अंगात भिनलं होतं की मी दुधाच्या पिशवीवरची तारीखही मोठ्यानं वाचायचे.

"विवाह मंडळात नाव का घालत नाहीस?"

"घातलं होतं की, मागच्या वर्षी. तिथल्या बाईंनी पत्रिका मागितली, पगाराचा कागद मागितला. मला पत्रिका जुळवायची नाहीये, ऋजू. रविवार जुळवायचाय." ती खुर्चीत बसली. "शनिवारी दुपारी शाळा सुटली की सोमवारी सकाळपर्यंत मी कुणाशी बोलायचे नाही, ठाऊक आहे तुला? तू यायच्या आधी भाजीवाल्या मावशींशी उगाच वाद घालायचे. तेवढाच तोंडाला व्यायाम."

हे तिनं हसत सांगितलं, म्हणून मीही हसले. पण पेन उचललं.

"अटी सांग."

"फुकट हवं. खात्रीचं हवं. आणि चाळीस किलोमीटरच्या आतलं. पुण्याच्या माणसासाठी मी खंबाटकी उतरणार नाही. आणखी एक, दादाला कळता कामा नये."

दादा म्हणजे माझे वडील.

मी सहा ॲप घेतले आणि प्रत्येकाला दहा दिवस दिले. तुलनेसाठी प्रत्येकावर एक खोटं खातंही उघडलं. नाव 'तेरडा' आणि फोटोही तेरड्याच्या फुलाचा. एका ॲपवर पहिल्याच दिवशी एकतीस पुरुषांनी ह्या फुलाला पसंती कळवली. एकानं लिहिलं, "तुमची स्माईल छान आहे." तो ॲप मी लगेच बाद केला. दोन ॲप दिसायला फुकट होते, पण आलेलं उत्तर वाचायचं म्हटलं की दार लावून घ्यायचे आणि पैसे मागायचे. एकाला आत्याची आख्खी फोनवही हवी होती, म्हणजे त्यात मुख्याध्यापिका आल्याच. पाचव्यावर तक्रार करायला जागाच नव्हती. सहावा टिकला. तो चेहरा हलवून दाखवल्याशिवाय फोटो खरा मानत नव्हता, तक्रार केली की दोन दिवसांत खातं बंद करायचा, आणि तेरड्याला त्यानं तिसऱ्याच दिवशी हाकलून दिलं होतं.

"ह्याला माझे नियम कळतात," मी म्हणाले.

आत्यानं शिट्टी गळ्यात असलेला फोटो लावला. खाली लिहिलं, 'हेमलता, ४९. पीटी शिकवते. खोटं आणि उशीर चालत नाही.'

पहिल्या दोघांना ह्या ओळीनंच पळवलं. तिसरा जगन्नाथ उतेकर. वय बावन्न, एसटीच्या वर्कशॉपमधून मुदतीआधी निवृत्त, आता तळखिंडीला मधमाश्यांच्या पेट्या. बायको सहा वर्षांपूर्वी गेलेली. ॲपनं अंतर दाखवलं एकोणीस किलोमीटर. मी नकाशा उघडला. मध्ये आख्खी डोंगराची रांग आडवी होती.

"आत्या, हे एकोणीस पाखराचे आहेत. रस्त्यानं सत्तावन्न पडतात."

"म्हणजे चाळीसच्या बाहेर."

"हो."

आत्यानं नकाशा बाजूला सारला. "ॲप म्हणतंय एकोणीस. आपण कशाला भांडायचं त्याच्याशी?"

मी त्यांना आत्याच्या नावानं पाच प्रश्न पाठवले. त्यांनी एक ते पाच आकडे घालून उत्तरं दिली आणि शेवटी लिहिलं, "प्रश्न कोण काढतं? मास्तरीणबाई वाटत नाहीत." आत्यानं सरळ सांगून टाकलं की भाची कॉलेजात झाडांचं काम करते आणि चाळणी तिचीच आहे. व्हिडिओवर चेहरा जुळला. माझ्या मैत्रिणीचे वडील डेपोत होते, ते म्हणाले, "उतेकर? त्याच्या हातची गाडी घाटात कधी बंद पडली नाही." त्यानंतर रोज संध्याकाळी आत्या भाजी निवडत, नंबर न देता ॲपवरूनच त्यांच्याशी बोलायची, आणि स्वयंपाकघरातून असं काही हसू यायचं की मी तिथं राहायला आल्यापासून ऐकलं नव्हतं. एकदा तर भाजी करपली. आत्यानं तीच वाढली आणि म्हणाली, "राणीमाशी घर बदलते तेव्हा अर्ध्या माश्यांना बरोबर नेते, माहितीय? जुनं घर पोरीला ठेवते."

पुढच्या रविवारी भेटायचं ठरलं. अकरा वाजता, स्टँडच्या कँटीनमध्ये, चार माणसांत. मी दोन टेबलं सोडून बसणार होते. आत्यानं मोरपिशी साडी इस्त्रीला दिली. जी बाई वर्षाचे दोनशे दिवस ट्रॅकसूटमध्ये असते, तिनं.

शुक्रवारी संध्याकाळी फोटो आला. खाली लिहिलं होतं, 'परवाचा आहे. पुतण्यानं काढला. रविवारी ओळखायला सोपं.'

पांढरा सदरा, काळेभोर केस, हात पेटीवर. आत्या फोटोतल्या माणसाकडं बघत होती. मी मागच्या उतारावर बोटं ठेवून तो मोठा केला. रुंद खरखरीत पानं, आणि वरपर्यंत जांभळट निळी फुलं. सगळा डोंगर तसला.

"ही कारवी आहे," मी म्हणाले.

"असेल. छान दिसतेय."

"आत्या, कारवी सात वर्षांतून एकदा फुलते. आणि आपल्याकडं ती तीन वर्षांपूर्वी फुलली."

तिनं मान वर केली. मी संगणक उघडून दाखवला. कपाटातले कारवीचे छत्तीस फुललेले नमुने मी स्वतः भरले होते. सत्तर वर्षं, सातासाताच्या पायऱ्या, एकही पायरी चुकलेली नाही. पुढची पायरी चार वर्षांनी होती.

"एखादं झाड चुकार असेल."

"एखादं असतं. हा डोंगर आहे."

"मग?"

"मग फोटो किमान तीन वर्षांपूर्वीचा आहे. व्हिडिओत उजेड कमी असायचा, आठवतंय? केस आता पांढरे असणार, म्हणून जुना फोटो पाठवला."

"तीन वर्षांनी काय बिघडतं गं?"

"तीन वर्षांनी काही नाही. 'परवाचा' ह्या शब्दानं बिघडतं."

मला त्या क्षणी वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगायचं तर मला आनंद झाला होता. फुलावरून माणूस पकडला होता मी.

आत्यानं फोन माझ्याकडं वळवला. "नक्की?"

"नक्की."

तिनं उभ्याउभ्याच लिहिलं, 'फोटो जुना आहे. ह्या वर्षी कारवी फुलत नाही असं भाची सांगते. मी खोट्याशी बोलत नाही.' पाठवलं, त्यांना ब्लॉक केलं आणि ॲपच काढून टाकला. मग म्हणाली, "आउट म्हणजे आउट," आणि कुकर लावला.

रविवारी अकरा वाजता तिनं खो-खोच्या मुलींना मैदानावर बोलावलं. त्या बिचाऱ्यांचा काही दोष नव्हता. दीड तास त्या पळत होत्या, आणि एवढी शिट्टी मी जन्मात ऐकली नव्हती. साडी इस्त्रीवाल्याकडंच राहिली. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "राहू दे, चुरगळायला कपाट कशाला." संध्याकाळी भाजीवाल्या मावशींशी तिनं दोडक्यावरून वाद घातला, आणि तो मला गच्चीपर्यंत ऐकू आला.

नऊ दिवसांनी, मंगळवारी, विभागाच्या दारात आमचे शिपाई सावंतकाका येऊन म्हणाले, "मॅडम, तुमच्याकडं कुणीतरी सरपण घेऊन आलंय."

ओल्या गोणपाटात गुंडाळलेला, माणसाच्या उंचीचा भारा होता. तो धरून उभा असलेला माणूस मी लगेच ओळखला, कारण तो फोटोतल्यासारखाच होता. केस काळेभोर होते. कानावर चार पांढरे होते, पण ते फोटोतही होते. ते मी मोठे करून पाहिले नव्हते.

"कारवीच्या मॅडम तुम्हीच का?"

"मी ऋजुता."

"मी जगन्नाथ उतेकर. बसत नाही, दीडची गाडी आहे. ती चुकली तर सहाला." त्यांनी गोणपाट सोडलं. "सकाळी सहाला तोडलीय. एसटीत सगळे विचारत होते, मांडव कुणाच्या दारात घालताय."

टेबलभर कारवी पसरली. काही फुलं गळली होती, उरलेली ताजी होती. फुलांच्या कणसांवर चिकट लव होती आणि तो उग्र, गोडसर वास, जो वाळक्या नमुन्याला कधीच येत नाही. एका फुलात माशी अडकून आली होती. ती बाहेर पडली, खिडकीपाशी गेली. त्यांनी काच सरकवून तिला वाट दिली.

मी एक फांदी उचलून उलटसुलट पाहिली. तेच बोलले.

"बाईंनी मला खोटारडा म्हटलं, ते एक वेळ सोडून देऊ. ओळख ना पाळख, फोनवरचा माणूस, म्हणणारच. पण डोंगर फुललाय, माश्यांना रात्रीची झोप नाही, आणि तुम्ही कॉलेजात बसून म्हणता फुलत नाही. म्हटलं, हे दाखवून यावं."

"तुमच्याकडं ह्याआधी कधी फुलली होती?"

"सात वर्षांमागं. आमची मंडळी होती तेव्हा. मध ठेवायला डबे पुरले नव्हते."

"आणि तीन वर्षांपूर्वी?"

"तेव्हा तुमची. डोंगराच्या ह्या अंगाची. आमची तेव्हा नुसती पानं." त्यांनी हात आडवा धरून डोंगर दाखवला. "आमची आणि तुमची कधी एकदम फुलतच नाही, मॅडम. शाळेत होतो तेव्हापासून बघतोय."

"आमच्याकडं नोंद नाही तशी."

"कशी असेल? तुमच्यातलं कोण आलंय तिकडं? डांबरी रस्ता होऊन पाच वर्षं झाली. त्याआधी पायवाट होती, आणि जळवा."

मी कपाट उघडून छत्तीसच्या छत्तीस नमुने टेबलावर काढले. त्यांच्यासमोरच. तारखा मला पाठ होत्या, आता ठिकाणं वाचली. घाटाचं चौथं वळण. देवळाशेजारी. डाक बंगल्यामागं. टोलनाक्याच्या वर. सत्तर वर्षांत आमच्या विभागातल्या प्रत्येकानं गाडी थांबवून, हात लांबवून कारवी तोडली होती. त्यावरून मी आख्ख्या डोंगराचं वेळापत्रक मांडलं होतं, आणि त्या वेळापत्रकावरून एका माणसाला खोटं ठरवलं होतं.

"माझी चूक झाली," मी म्हणाले.

"होते की. इंजिनात आवाज आला की मीही आधी गिअरबॉक्सवरच संशय घ्यायचो."

"चहा तरी घ्या."

"नको, गाडी."

"आत्याला काय सांगू?"

ते दारात थांबले. "ते तुमचं तुम्ही बघा. मला त्यांचा पत्ता नको, नंबर नको. नको म्हटल्यावर मागं लागणं बरं नव्हे. म्हणून रविवारी स्टँडवरही आलो नाही. ही तेवढी तुमच्या कपाटात लावा."

लावली. आज सहा वर्षं झाली त्याला. सदतिसावा नमुना, ठिकाण तळखिंड, गोळा करणारे जगन्नाथ उतेकर.

ते गेल्यावर चिठ्ठी लिहायला मी पेन उघडलं आणि मनात आलं, आत्याला कळायलाच हवं का? ती आता जेवत होती, झोपत होती, त्या विषयाचं नाव काढत नव्हती. न सांगितलं तर माझी अब्रू शाबूत राहणार होती. पाच वाजेपर्यंतचा वेळ मी असल्या हिशेबात घालवला. मग उरलेल्या फांद्या स्कूटरला बांधल्या. रस्ताभर लोक वळून बघत होते.

आत्या ओट्यापाशी होती. मी फांद्या बादलीत उभ्या केल्या.

"हे काय?"

"कारवी."

तिनं हात पुसले, जवळ आली, एका फुलाला बोट लावलं. बोट चिकट झालं.

"ह्या वर्षी फुलत नाही ना?"

"डोंगरापलीकडं फुलते. उतेकर स्वतः घेऊन आले होते विभागात. फोटो परवाचाच होता, आत्या. मी चुकले."

"थोडी?"

"पूर्ण."

ती स्टुलावर बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं. "मी काय काय लिहिलं त्या माणसाला," ती हळू म्हणाली. "आणि तू इतके दिवस माझ्यासमोर चपात्या खाल्ल्यास."

"मला माहीत नव्हतं."

"तुला विचारलं होतं मी. नक्की का म्हणून." मग चिकट बोट पुसत, "माझं नाव तरी काढलं का त्यांनी?"

"पत्ता नको म्हणाले. तू नको म्हटलंयस म्हणून."

"एवढ्या लांब येऊन?"

"फुलांसाठी आलो म्हणाले."

आत्यानं बादलीकडं पाहिलं आणि कुणास ठाऊक कसं, तिला उचकी लागल्यासारखं हसू आलं. "सत्तावन्न किलोमीटर. सरपण घेऊन."

"सावंतकाकाही तेच म्हणाले."

जेवण झालं, भांडी झाली. आत्यानं ओटा पुसला. मग पाठमोरीच म्हणाली, "तिकडं गाडी कितीला असते?"

"सकाळी साडेसहा."

ॲप पुन्हा घेतला. ब्लॉक काढला. चार शब्द लिहायला तिला पाऊण तास लागला. मला पडद्याकडं बघू दिलं नाही, पण पाठवल्यावर स्वतःच वाचून दाखवलं: 'चूक आमची. माफी मागते. रविवारी फुलं बघायला येऊ का? भाची बरोबर असेल.'

उत्तर दोन मिनिटांत आलं. 'या. शाळेपाशी उतरा. टोपी आणा, ऊन आहे. अत्तर लावू नका, माश्यांना आवडत नाही.'

"बघ," आत्या म्हणाली, "लावणारच होते."

तळखिंडीला आम्ही नऊ वाजता उतरलो. आत्यानं मोरपिशी साडीवर शाळेची पांढरी टोपी घातली होती. उतेकर शाळेपाशी उभे होते, बरोबर पुतण्या आणि त्याची बायको. चहा झाला, पोहे झाले, आणि आम्ही पेट्यांकडं निघालो. वळण संपलं तसा डोंगर समोर आला. खालपासून वरपर्यंत निळा. मी छत्तीस नमुने पाहिले होते, पण सगळे तपकिरी होते. मी तिथंच थांबले.

आत्या थांबली नाही. ती सरळ उतेकरांसमोर जाऊन उभी राहिली, मैदानात एखाद्या मुलीशी बोलायचं असलं की राहते तशी.

"मी फार बोलले तुम्हाला."

"बोललात."

"राग आला असेल."

"आला. दोन दिवस अन्न गोड लागलं नाही, असं सांगायचं ठरवलं होतं." उतेकरांनी पेटीवरचं पान झटकलं. "पण लागलं. वहिनीनं अळूचं फदफदं केलं होतं त्या दिवशी. दोनदा घेतलं."

आत्या हसली. स्वयंपाकघरातून यायचं ते हसू मी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं. टोपी मागं घसरली, ती तिनं धरलीसुद्धा नाही.

मग तिला माझी आठवण झाली. "ऋजू, तुला तुझी झाडं मोजायची असतील ना?"

"मोजायचीत."

"मग जा की वर. नीट मोज हं, घाई करू नको."

मी दोरी आणि वही घेऊन उतार चढले. वरून दोघं स्पष्ट दिसत होती, बोलणं ऐकू येत नव्हतं. उतेकरांनी पेटीचं झाकण उचललं. आत्या दोन पावलं मागं सरकली. ते काहीतरी म्हणाले. ती एक पाऊल पुढं आली, मग आणखी एक, आणि पेटीत वाकून बघायला लागली.

असल्या नोंदीला तीस झाडं पुरतात. मी त्या दिवशी दोनशे चौदा मोजली.